पहिली रोड बाईक घेताना

स्वस्तातल्या सायकलवर भरवसा ठेव, पण पहिले दोनशे किलोमीटर झाल्यावर. शिमानो कंपनीचे क्लॅरिस हे सुरुवातीच्या श्रेणीतले गिअर पुरेत. फ्रेमचं माप मात्र चुकवू नकोस. २८ मिमी रुंदीचे टायर बसतात का, दुकानातच बघ. आपल्या खड्ड्यांत २३ चा टायर रिमवर चेपतो आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

नव्या केबली ताणतात, स्पोक सैलावतात. मी पहिली सर्व्हिसिंग टाळली. खडकवासल्याच्या वाटेवर मागचा स्पोक टिंग करून तुटला, चाक ब्रेकला घासायला लागलं. त्यामुळे महिनाभरात चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढून घेच.

सिंहगडाला घाई नको. चढ जमेल रे, जीव पणाला लागतो तो उतारावर. ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकत असेल, तर पायथ्यावरूनच मागे फिर.