मराठवाड्यात जुन्या रेल्वेमार्गावर इ-सायकलने नवरा-बायकोला एका दिवसाची सफर करता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे सायकलमार्ग झाले आहेत, तसं काही धाराशिव-लातूरकडे आहे का, आणि दोघांनी भाड्याच्या इ-सायकली घेऊन सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं तर काय तयारी करावी.

तसा तयार सायकलमार्ग आपल्याकडे नाही. बार्शी लाइट या रेल्वेची 762 मिमी अंतराच्या रुळांवरची छोटी गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीला सुरू झाली आणि 1911 पर्यंत लातूरला पोचली. पुढे मार्ग रुंद झाला, धाराशिव शहर त्यावर आलं आणि जुन्या मार्गाचा काही भाग सुटला. पण रूळ उचलले म्हणून ती जमीन रस्ता होत नाही. कुठे रेल्वेची हद्द आहे, कुठे शेजारच्या शेतकऱ्याची वहिवाट. चालू रुळांच्या कडेने सायकल घालणं तर थेट गुन्हा आहे (रेल्वे कायदा 1989, कलम 147). तेव्हा भराव शोधत फिरू नका.

रेल्वेमार्गात खरं घेण्यासारखं काय, तर चढ. गाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून शंभर मीटरला एक-दीड मीटरपेक्षा फारसा चढ ठेवत नाहीत. इ-सायकलला हेच मानवतं, कारण एक खडा चढ बॅटरीचं सगळं गणित बिघडवतो. त्या दृष्टीने मी धाराशिव ते तेर आणि परत हा रस्ता सुचवेन. जाऊन-येऊन 50 किलोमीटर धरा. धाराशिव बालाघाटाच्या अंगावर आहे आणि तेर तेरणेच्या काठी, म्हणजे जाताना उताराची मदत आणि परतताना चढ. हिशोब परतीचाच करायचा, तिथेच बहुतेक जण फसतात.

बॅटरीवर 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास लिहिलेलं असेल तर गुणाकार 360 वॉट-तास. शेवटचे 20 टक्के धरू नका, राहिले सुमारे 290. पायडल मारत, मोटरची मदत मधल्या पायरीवर ठेवून, उताराला किलोमीटरला 6 वॉट-तास आणि चढाला 9 धरा. जाताना 150 गेले, उरले 140. परतीला लागणार 225. म्हणजे तेरला किमान 85 भरायला हवेत. 2 अँपिअरचा चार्जर तासाला साधारण 70 भरतो, तेव्हा दीड तास लावा, दोन तास लावलात तर निर्धास्त. पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (मोटरच्या जोरावर) बसून आलात तर किलोमीटरला 15 लागतात आणि परतीला 375. ते जमत नाही. 5.8 अँपिअर-तासाची छोटी बॅटरी असलेली सायकल या रस्त्याला घेऊच नका.

चार्जर दोन आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड सोबत ठेवा. ज्या हॉटेलात जेवणार तिथे प्लग आणि भारनियमनाची वेळ पोचल्या पोचल्या विचारा, जेवण झाल्यावर नाही. दोघांपैकी ज्याचं वजन जास्त त्याची बॅटरी आधी उतरते. सायकली एकाच मॉडेलच्या असतील तर वाटेत बॅटऱ्या बदलता येतात, मात्र प्रत्येक बॅटरीच्या कुलपाची किल्ली वेगळी असते. किल्ल्या दोन्ही घ्या.

बॅटरी भरते तेवढ्या वेळात तेरचं त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांचं समाधिमंदिर आणि लामतुरे वस्तुसंग्रहालय बघून होतं. त्रिविक्रमाचं मंदिर मुळात विटांचं बौद्ध चैत्यगृह, त्याचं अर्धगोल पाठीमागचं अंग बघायला विसरू नका. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे साडेसहाला निघणं उत्तम. पाऊस पडून गेला असेल तर शेतरस्त्यावर उतरू नका. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये बसली की चाक फिरत नाही, आणि मोटर तशीच रेटली तर तापते.

पंक्चर धरूनच चला, बाभळीचे काटे आहेत. बहुतेक सायकलींची मोटर मागच्या चाकात असते, त्यामुळे चाक काढायचं म्हणजे मोटरची वायर सोडवा, 18 चा पाना लावा, वॉशरचा क्रम लक्षात ठेवा. त्यापेक्षा चाक न काढता टायरची एक बाजू रिमबाहेर काढा, ट्यूबचा तेवढाच भाग ओढा आणि ठिगळ लावा. बाहेरून काटा दिसला नाही तरी टायरच्या आत फडकं फिरवा. काट्याचं तुटलेलं टोक आत राहतं, फडक्याला अडकतं. ते पकडीने ओढलं नाही तर दोन किलोमीटरवर पुन्हा बसाल. हवा 40-45 पीएसआय.

डिस्प्ले चालू आहे पण मोटर फिरत नाही, असं झालं तर आधी ब्रेकची मूठ बघा. मुठीत मोटर बंद करणारा स्विच असतो. मूठ पूर्ण परत आली नाही तर सायकलला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. बोटाने बाहेर ढकलून बघा. मग पायडलजवळची चुंबकाची चकती चिखलाने माखली आहे का ते पाहा.

250 वॉट आणि 25 किमी वेगाच्या आतल्या सायकलीला नोंदणी-लायसन लागत नाही. भाड्याने देणारा जास्त ताकदीची देऊ लागला तर मोटरवरचा आकडा वाचून घ्या. अगदीच अडलात तर वीस-पंचवीस किलोची सायकल चढावर ढकलत बसू नका. बॅटरी काढून स्वतःजवळ ठेवा, सायकल टेम्पोत टाका, साखळीची बाजू वर.