उत्तर: आर्मीतल्या भाच्याला आजोबांची हगादा पाठवू का?

ताई, प्रश्न वाचला. भाचा अमेरिकन आर्मीत, पोस्टिंग जर्मनीला, पेसाखला, आपल्या ज्यूंच्या सणाला, दोन महिने राहिलेत आणि तुम्हाला ठाण्याहून आजोबांची मराठी हगादा (पेसाखच्या रात्री वाचायची पोथी) आणि घरातला जाडा सिद्दूर (रोजच्या प्रार्थनांचं पुस्तक) पाठवायचाय, आर्मीवाले काढून तर घेणार नाहीत ना. काढून कोणी घेत नाही हो. पण आजोबांची हगादा पाठवू नका. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

माझा मुलगा नेव्हीत होता. पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा मी मोठ्या हौसेनं माझ्या वडिलांचा मुंबईहून आणलेला सिद्दूर त्याच्या बॅगेत कोंबला, हार्डबाउंड, चांगला विटेएवढा. सात महिन्यांनी परत आला तेव्हा खारट दमट हवेनं पानं फुगून पुस्तक दुप्पट झालेलं, पुठ्ठा सुटलेला, आणि या पठ्ठ्यानं ते बुटाच्या नाडीनं बांधून झिपलॉकच्या पिशवीत ठेवलेलं. सुटी झालेली पानंसुद्धा एक न एक जपलेली, कारण देवाचं नाव असलेलं पान कचऱ्यात टाकायचं नसतं एवढं त्याला लहानपणापासून माहीत. शेवटी ते आम्ही इथल्या मशिदीत (आपण बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणतो, सवय जात नाही, सिनेगॉगमध्ये म्हणा) गेनिझात दिलं, म्हणजे अशी जीर्ण पुस्तकं साठवून मग कब्रस्तानात पुरतात. वडिलांच्या हातचा मजकूर होता त्यावर, कोणाचा वाढदिवस, कोणाचं लग्न, सगळं गेलं. त्यात चूक कोणाची असेल तर माझीच.

सैनिकाचं पुस्तक वेगळंच असतं, आणि हे आजचं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली त्याच वर्षी, १९१७ ला, ज्यूइश वेल्फेअर बोर्ड निघालं आणि त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल असा संक्षिप्त सिद्दूर छापून वाटला. ब्रिटिश आर्मीतही ज्यू जवानांसाठी तसंच छोटं पुस्तक होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तर ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म अशा तिन्ही पंथांच्या लोकांनी मिळून एकच पुस्तक चालवलं. एरवी हे लोक एका देवळात सुद्धा बसणार नाहीत, पण खिसा एकच म्हटल्यावर काय करणार.

आता मिळतं कुठून. भाच्याला सांगा, बेसवरच्या चॅप्लेनला, म्हणजे फौजेतल्या धर्मगुरूला, जाऊन भेट. रब्बी (ज्यू धर्मगुरू) नसला, पाद्री असला तरी चालतो, दुसऱ्या धर्माच्या जवानाची सोय करून देणं त्याच्या ड्यूटीतच येतं. पूर्वी हे असं नव्हतं, अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरच्या सुरुवातीला कायदाच असा होता की चॅप्लेन ख्रिश्चनच हवा, तो १८६२ ला बदलला तेव्हा पहिला रब्बी नेमला गेला. तर चॅप्लेन मागणी लावतो आणि जेडब्ल्यूबी (तेच वेल्फेअर बोर्ड) ज्यूइश चॅप्लेन्स कौन्सिलकडून पुस्तकं येतात, आलेफ इन्स्टिट्यूट म्हणून आहे तेही जवानांना पाठवतात. सिद्दूर, तेहिलीम (स्तोत्रं), रोश हशानाचा म्हणजे नववर्षाचा महझोर (सणाच्या प्रार्थनांचं पुस्तक), पुरीमच्या सणाची मेगिला (एस्तेरची गोष्ट), हगादा, सगळं. भाच्याला यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, फक्त सणाच्या आदल्या आठवड्यात जागं व्हायचं नाही, आत्ताच विचारायला सांगा. तिथे चार ज्यू पोरं असतील आणि रब्बी नसेल तर त्यांच्यातलाच एकजण ले लीडर म्हणून नेमता येतो, तो तेफिला, म्हणजे प्रार्थना, चालवतो. फोनवर अ‍ॅप आहे की, असं तो म्हणेल. शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी, फोन हातात घेणार नसेल तर काय उपयोग, आणि फील्डवर फोन जवळ असेलच असं नाही.

आणि हो, तुम्ही लिहिलंय की आर्मीत इंग्रजी पुस्तकं, आपलं काय राहिलं. याच जर्मनीतली गोष्ट सांगते. मार्च १९४५, अमेरिकेची ४२ वी रेनबो डिव्हिजन डान नावाच्या गावात होती आणि पेसाख आला. त्यांचे चॅप्लेन रब्बी एली बोनेन. हगादा पुरेशा नव्हत्या, मग होती त्या हगादेच्या पानांचे फोटो काढून आर्मीच्या छापखान्यावर नवी छापली, आणि छपाईचं मशीन पुसायला चिंध्या हव्या होत्या तर जवानांनी नाझी झेंडे वापरले, असं बोनेन यांनीच नंतर सांगितलंय. २८ मार्चला सेदर, म्हणजे पेसाखच्या रात्रीचं विधीचं जेवण, झाला. महिन्याभरानं, २९ एप्रिलला, याच डिव्हिजनचे लोक डाखाऊच्या नाझी छळछावणीत शिरले. मी हे माझ्या मुलाला सांगितलं तेव्हा तो गप्प बसला, नाहीतर माझं ऐकतो कुठे.

म्हणजे त्यांनीही मूळ पुस्तक नाही वाटलं, कॉपी वाटली. तुम्हीही तेच करा. आजोबांची हगादा सांभाळून उघडा, फोटोकॉपीच्या मशीनवर दाबून सपाट करू नका, शिवण तुटेल, वरून मोबाइलनं फोटो काढा. पूर्ण पुस्तक नको, दहा-बारा पानं पुरेत. आपल्याकडे हिब्रूसोबत मराठी असलेली हगादा १८४६ पासून मुंबईत छापलीये, पुण्याची १८७४ ची तर चित्रांची आहे, साड्या नेसलेल्या बायका मात्सा (पेसाखची बिनखमिराची भाकरी) करताना दाखवल्यात. तुमची त्यातलीच कुठली निघाली तर आधी नीट बघा, टपालात टाकायची वस्तूच नाही ती. आणि आपल्याला फौज काही नवी नाही, मुंबईची आपली सगळ्यात जुनी मशीद, म्हणजे सिनेगॉग, १७९६ ला बांधली ते दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीतलेच होते.

ठाण्याहून थेट आर्मीच्या पत्त्यावर पाठवायच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेत कोणी नातेवाईक असेल त्याला फोटो पाठवा, तो प्रिंट काढून, लॅमिनेट करून तिथल्या पोस्टातून एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) पत्त्यावर टाकेल, देशांतर्गत टपालाचाच दर लागतो. उद्या बदली गल्फकडे झाली तर पोस्टाच्या साइटवर त्या पिनकोडचे नियम बघायचे, तिकडच्या काही पत्त्यांवर इस्लामविरोधी ठरेल असं धार्मिक साहित्य गठ्ठ्यानं पाठवायला बंदी असते, स्वतःपुरतं एखादं चालतं. म्हणून दहा मित्रांसाठी दहा सिद्दूर एका खोक्यात, हा उत्साह नको.

पानं निवडताना मा निश्ताना नक्की घ्या, मराठीतलं. सेदरला सगळ्यात धाकट्यानं विचारायचं असतं ना, ही रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का. तिथल्या टेबलावर तोच धाकटा असेल बहुतेक. आमची आजी पेसाखला अनाशी ढाकायचा सण म्हणायची, तुमच्याकडेही म्हणत असतील तर पानामागे हातानं ते लिहून द्या, ते कुठल्या चॅप्लेनकडे मिळणार नाही. लॅमिनेट करायच्या आधी लिहा मात्र.

कस्टम्सच्या फॉर्मवर मूल्य वगैरे फार विचार करू नका. प्रार्थनेचे कागद, बारा पानं, एवढंच.