उलुरूला पहिल्यांदा जाताना

उलुरू म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी वाळवंटात उभा असलेला प्रचंड लाल खडक. सिडनी-मेलबर्नच्या सहलीला तो एका दिवसात चिकटवू नका. ॲलिस स्प्रिंग्ज या गावाहून तो रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर आहे आणि लाल मातीतली ती वाटही पाहण्यासारखीच आहे. मे ते सप्टेंबरमध्ये जा. जून-जुलैत रात्री पारा शून्याजवळ उतरतो, तेव्हा स्वेटर हवाच. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, मात्र चाळिशीचं ऊन, माश्या, आणि दुपारी काही पायवाटाही बंद.

खडक ३४८ मीटर उंच आहे, पण चढायचा विचार सोडा. ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद आहे आणि हे फार योग्य झालं. ही भूमी इथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांची. १९८५ साली ती त्यांना परत मिळाली. चढण्यापेक्षा पायथ्याची साधारण १० किलोमीटरची प्रदक्षिणा सूर्योदयालाच सुरू करा. आदल्या दिवशी सांस्कृतिक केंद्रात निवांत वेळ द्या, म्हणजे खडकातल्या घळी-गुहांमागच्या कथा कळतील. काही जागी फोटोला मनाई असते, तिथे कॅमेरा खरोखरच बंद ठेवा.

स्वतः गाडी चालवणार असाल तर अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. कांगारू, उंट आडवे येतात. हे रानटी उंट म्हणजे १८६० पासून कराचीसारख्या बंदरांतून आणलेल्या उंटांचे वंशज. त्यांच्याबरोबर आपल्या उपखंडातले उंटवालेही गेले होते. हा इतिहास मला फार जवळचा वाटतो, जाण्याआधी जरूर वाचा. पाणी भरपूर घ्या, पेट्रोल दिसेल तिथे भरा आणि नकाशे मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा. वाटेत बराच काळ रेंज मिळत नाही.