दिवस अख्खा वाच

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जिना उतरून गेलीस आणि पिवळ्या खुणांनी भरलेली तुझी पानं माझ्या टेबलावरच राहिली. रात्री ती वाचत बसलो. आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि आता पहाटे हे पत्र लिहायला घेतलंय. तू हुशार आहेस, कष्टाला भीत नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यावर शाई घालवत नाही.

तुझ्या मार्गदर्शकांनी तुला एकच दिवस दिला आहे. ७ ऑक्टोबर १८३१, शुक्रवार. लंडनचं हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे सरदार आणि बिशपांचं वरचं सभागृह. कॉमन्स या निवडलेल्या सभागृहातल्या जागा आणि मताधिकार बदलणाऱ्या सुधारणा विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाची, म्हणजे त्याच्या तत्त्वावरच्या चर्चेची, पाचवी आणि शेवटची रात्र. तू संगणकावर ‘ब्रूम’ असं टाकलंस, त्या सभागृहाचा अध्यक्ष आणि विधेयकाच्या बाजूचा मंत्री, लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम, याचं भाषण निघालं, तेवढं छापून घेतलंस. भाषणाच्या अखेरीस तो गुडघे टेकून हे विधेयक फेटाळू नका म्हणून विनवतो, तिथे येऊन तू अडकलीस. हा माणूस मनापासून बोलत होता की नाटक करत होता? आठ दिवस तू या एका प्रश्नापाशी बसून आहेस.

अगं, दिवस अख्खा वाच. प्रार्थनेपासून सभागृह उठेपर्यंत. मग विचार मला काय विचारायचं ते.

तू म्हणशील, काकांचं हे नेहमीचंच. हो, नेहमीचंच आहे, आणि ते का आहे हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मी एकतीस वर्षं विधिमंडळात प्रतिवेदक होतो. आमची पाळी मिनिटांवर चालायची. आत जायचं, टेबलाशी बसायचं, कानावर पडेल ते लघुलिपीत उतरवायचं. पुढच्या पाळीचा माणूस शेजारी येऊन बसला की उठायचं, बाहेर येऊन घेतलेलं टंकून द्यायचं, तोवर पुन्हा पाळी. एखाद्या वाक्याचा पूर्वार्ध माझ्या वहीत आणि उत्तरार्ध सहकाऱ्याच्या वहीत, असं कितीदा झालं असेल. लोकांना वाटतं, इतकी वर्षं सभागृहात काढली म्हणजे यानं सगळं ऐकलं असणार. मी एकही दिवस पूर्ण ऐकलेला नाही. एकही नाही. मिळाले ते तुकडे, आणि तुकड्यांवरून दिवस ओळखता येतो असा गर्व मात्र पुरेपूर होता.

त्या गर्वापायी निवृत्तीनंतर एक पुस्तिका लिहिली. एका जुन्या चर्चेवर होती. सूचीत नावं बघितली, भाषणं काढली, त्यावरून लिहिलं. एका दिवंगत सदस्यांबद्दल लिहून गेलो की त्यांच्याच तालुक्याचा प्रश्न सभागृहात असताना ते गप्प बसले. चर्चेत त्यांचं नाव नव्हतं ना. चार महिन्यांनी त्यांच्या मुलीचं पत्र आलं, सोबत त्याच दिवसाच्या कार्यवाहीचं एक पान. चर्चा सुरू होण्याआधी, कागदपत्रं पटलावर ठेवली जातात त्या वेळात, त्यांनी आपल्या गावकऱ्यांचा अर्ज स्वतः सादर केला होता. मी वाचायला घेतलं त्याच्या तीन पानं अलीकडे. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. पुस्तिका तोवर वाटून झाली होती. मी तिला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, आणि ते दोन ओळींचं होतं याची मला आजही लाज वाटते.

म्हणून सांगतो, तीन पानं अलीकडे जा. तुझ्या शुक्रवारच्या सुरुवातीला जा.

तिथे आधी काय दिसेल? लॉर्ड्सच्या जर्नलमध्ये, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदवहीत, तारीख लॅटिनमध्ये असते, ‘दिए वेनेरिस’, म्हणजे शुक्रवार. तिच्याखाली हजर लॉर्डांची नावं, त्यात बिशपही. मग प्रार्थना, आणि ती सांगणारा बिशपच. तू पान उलटून पुढे गेलीस. उलटू नकोस. ही बिशप मंडळी मनात ठेव, त्यांच्याकडे परत यायचंय.

मग अर्ज. त्या दिवसांत सुधारणेच्या बाजूचे आणि विरोधातले अर्ज लॉर्ड्सकडे येत होते. अर्ज कुणी थेट नेऊन देऊ शकत नसे. सभागृहातल्या एखाद्या लॉर्डनं तो हातात घेऊन, कुठून आला, कुणाचा आहे हे सांगून सादर करायचा, आणि मग आदेश व्हायचा की तो टेबलावर पडू दे. आपल्याकडे ‘पटलावर ठेवला’ म्हणतात ते यातलंच. एकतीस वर्षं मी हे दोन शब्द झोपेतही लिहीत होतो आणि त्यांच्यामागे माणसं उभी असतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. वादाची पहिली रात्र ३ ऑक्टोबरची. त्याच दिवशी बर्मिंगहॅमच्या न्यूहॉल हिलवर प्रचंड सभा भरली आणि तिथून लॉर्ड्सकडे अर्ज निघाला. त्या बर्मिंगहॅमचा कॉमन्समध्ये एकही प्रतिनिधी नव्हता. मँचेस्टरचा नव्हता, लीड्सचा नव्हता. आणि ओल्ड सारम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीचे दोन होते. ज्यांना मत नाही त्यांचा आवाज त्या सभागृहात शिरायला अर्जाचीच वाट होती. आणि तू अर्ज गाळलेस! कारण तुझ्या शोधशब्दात ते बसत नव्हते.

रागावतोय, हे मला कळतंय. पण ज्यांना कुणी बोलू देत नव्हतं त्यांच्यासाठीच तू हा विषय घेतलास ना? मग ते जिथे आहेत तिथेच तू गेली नाहीस, याचं वाईट वाटतं.

आता मतदानाकडे ये. तेही तू वाचलेलं नाहीस, फक्त ‘४१ मतांनी फेटाळलं’ एवढं उतरवलंयस. आधी प्रस्ताव काय होता ते बघ. विरोधी बाजूच्या लॉर्ड वॉर्नक्लिफची दुरुस्ती अशी, की हे विधेयक सहा महिन्यांनी वाचावं. वरवर बघता किती सौम्य! पण सहा महिन्यांनी ते अधिवेशनच उरलेलं नसतं, म्हणजे विधेयक मेलं. सभ्य शब्दांत मारायची ही रीत कळली नाही तर तू लिहिशील की लॉर्डांनी निर्णय पुढे ढकलला. तुझ्या कच्च्या मसुद्यात तू तसंच लिहिलंयस, पान ११.

शनिवारची पहाट उलटली, सहा वाजून गेले, तेव्हा मोजणी झाली. हजर लॉर्डांत बाजूनं १२८, विरोधात १५०. मग प्रॉक्सी मोजल्या. बाजूनं ३०, विरोधात ४९. एकूण १५८ विरुद्ध १९९. हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि भिंतीला लाव. प्रॉक्सी म्हणजे गैरहजर लॉर्डनं आधीच लिहून दिलेलं मत. ते दुसऱ्या एखाद्या लॉर्डच्या हाती असायचं, एकाकडे जास्तीत जास्त दोन. ही पद्धत १८६८ पर्यंत चालली. म्हणजे त्या पहाटेची ७९ मतं अशा माणसांची, जी त्या क्षणी सभागृहात नव्हतीच. कुणी आपल्या गढीवर असेल, कुणी अंथरुणात. ब्रूम गुडघ्यांवर आला काय आणि उभा राहिला काय, त्यांचं मत लिहून ठेवलेलं होतं.

आता सांग, तुझा प्रश्न केवढा उरला? तो मनापासून बोलत होता की नाही यावर तू आठ दिवस घालवलेस, आणि त्याच्या भाषणापर्यंत न पोचणारी ७९ मतं तुझ्या पानांच्या बाहेर राहिली. भाषण करताना ब्रूम गरम मद्य पीत होता, त्या किश्शालाही तू पिवळी खूण केलीयस. सोड तो. किस्से भाषणाभोवती जमतात, मोजणीभोवती कुणी जमत नाही.

आणि आता बिशप. २१ बिशपांची मतं विरोधात गेली. कँटरबरीचे आर्चबिशप हौली त्याच रात्री विधेयकाविरुद्ध बोलले. तू गणित करून बघ. ही २१ मतं १९९ मधून काढली तर १७८ उरतात, १५८ मध्ये घातली तर १७९ होतात. एका मतानं विधेयक तरलं असतं! बाहेरच्या लोकांनी हे गणित त्याच आठवड्यात केलं. ५ नोव्हेंबरला इंग्लंडात गाय फॉक्स या जुन्या कटवाल्याचा पुतळा जाळतात, त्या वर्षी त्याच्याऐवजी ठिकठिकाणी बिशपांचे पुतळे जळले. ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिस्टलला दंगल उसळली तेव्हा तिथल्या बिशपचा वाडा जाळला. नॉटिंगहॅमचा किल्ला तर १० ऑक्टोबरलाच पेटला होता, तो विधेयकाचा कट्टर विरोधक ड्यूक ऑफ न्यूकॅसल याचा. दिवसाची सुरुवात ज्यांच्या प्रार्थनेनं, दिवसाचा निकाल त्यांच्या मतांनी. हे तुला तेव्हाच दिसेल जेव्हा तू पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच बैठकीत वाचशील. पुन्हा सांगतो, एकाच बैठकीत. त्या लोकांनी रात्रभर बसून ऐकलं, तुला दोन दिवस बसून वाचता येऊ नये?

एक सावधगिरी, ही मात्र माझ्या धंद्यातली. हॅन्सार्ड, म्हणजे तिथल्या संसदेतल्या भाषणांचे छापील ग्रंथ, शब्दन् शब्द खरे असं धरू नकोस. त्या काळी सभागृहाचे पगारी प्रतिवेदक नव्हते. वर्तमानपत्रांचे वार्ताहर आमच्यासारखेच पाळीनं बसायचे आणि हॅन्सार्डवाले मुख्यतः त्यांच्या मजकुरावरून ग्रंथ जुळवायचे. ‘मिरर ऑफ पार्लमेंट’ नावाचं दुसरं प्रतिवेदन त्याच वर्षांत निघत होतं, ते शेजारी ठेव. काय घडलं यासाठी जर्नल, काय बोललं गेलं यासाठी ही दोन, आणि तिन्हींत फरक पडेल तिथे थांब. हे कागद हाताशी आहेत हेही भाग्य समज. १६ ऑक्टोबर १८३४ ला लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्टीत हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या जाळताना आग भडकली आणि वेस्टमिन्स्टरचा तो जुना राजवाडा जवळजवळ सगळा गेला. ती रात्र जिथे झाली ते दालन गेलं. कॉमन्सचे बहुतेक जुने कागद गेले. लॉर्ड्सचे ज्वेल टॉवर नावाच्या वेगळ्या दगडी इमारतीत होते म्हणून राहिले. वाचलेले कागद आपण अर्धवट वाचायचे?

घरातले मला विचारतात, निवृत्तीनंतर इतकी वर्षं त्या पाच रात्री वाचताय, लिहिलंत काय? काही नाही. एकदा घाईनं लिहिलं आणि एका मेलेल्या माणसाला गप्प ठरवलं. त्यानंतर ठरवलं की पूर्ण वाचल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. याला कुणी आळस म्हणतं, कुणी भीती. असेल थोडी भीती. पण माझ्या वाचनानं कुणाचं नाव खराब झालेलं नाही, आणि माझ्या लिहिण्यानं झालं होतं. मी चुकत असेन असं मला वाटत नाही. फक्त तू माझ्यासारखी उशिरा सुरुवात करू नकोस, आणि वाचून झाल्यावर लिही. तुझं वय लिहिण्याचं आहे.

जाताना दारात तू हळूच म्हणालीस, मी सांगोल्याची, मला या लॉर्डांशी काय करायचंय. तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. त्या शरद ऋतूत राममोहन रॉय इंग्लंडमध्ये होते. विधेयक पडलं तर या देशाशी आपला संबंध तोडीन, असं त्यांनी उघडपणे म्हटलं होतं. जुलै १८३२ मधल्या एका पत्रात त्यांनी स्वतःच ते नोंदवलंय. तोवर लॉर्ड्स वाकलं होतं. ४ जून १८३२ ला तिसरं वाचन १०६ विरुद्ध २२ नं झालं, ७ जूनला राजाची संमती मिळाली, ती द्यायला राजा स्वतः आलाही नाही. आणि त्या कायद्यानं निवडलेल्या पहिल्या कॉमन्सपुढूनच ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा १८३३ चा कायदा गेला, ज्याचं ८७ वं कलम सांगतं की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग यांमुळे कुणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीला अपात्र ठरवू नये. त्या कलमाचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. पण ज्या मोजणीतून ही वाट फुटली ती तुझी नाही, असं म्हणू नकोस. आणि एक काम माझ्याकडून राहून गेलंय. त्या पहाटेनंतर तीन महिने पुरे व्हायच्या आत, ६ जानेवारी १८३२ ला, मुंबईत बाळशास्त्रींचं ‘दर्पण’ निघालं. विलायतेच्या बातम्या तेव्हा गलबतानं महिनोनमहिने प्रवास करून यायच्या. पहिल्या वर्षाचे अंक घेऊन ही बातमी त्यात कशी उतरली ते शोध. मी फक्त शोधीन म्हणत राहिलो. शोधताना अंकही अख्खे वाच, जाहिरातींसकट.

येत्या रविवारी ये. तुझी पानं इथेच राहू देत, ती आत्ता लागणार नाहीत. येताना ७ ऑक्टोबरच्या हजेरीची नावं हातानं उतरवून आण, बिशप वेगळ्या रांगेत. अर्जांची यादी वेगळ्या कागदावर, कुठून आला आणि कुणी सादर केला या दोन रकान्यांसह. चहाला मी आहेच. ब्रूमबद्दल त्यानंतर बोलू.

तुझा काका