ऊन कॅमेऱ्याला नाही, पडद्याला लागतं

एप्रिल लागला की माझ्या नागपुरातल्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच दुखण्याचे कॅमेरे जमू लागतात. जुना रेंजफाइंडर (लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा), कापडी शटर, म्हणजे फिल्मसमोरचा पडदा, आणि त्या पडद्याला टाचणीएवढं भोक. सोबत मालकाचं ठरलेलं वाक्य: "मी तर सूर्याचा फोटो कधी काढलाच नाही." या वर्षीची पत्रंही त्याच वळणाची आहेत, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

वडिलांच्या आलमारीत झोर्की-4 सापडला. त्याचा पडदा कापडी आहे का? (धरमपेठ)

हो. रबर चढवलेलं कापड आहे ते. आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो: या कॅमेऱ्यात आधी रोल पुढे घ्यायचा, मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते. इतकी वर्षं बंद पडलेला कॅमेरा आहे, तेव्हा "चालतो का बघू" म्हणून खटाखट दाबत बसू नका. आधी कोणाला तरी उघडून बघू द्या.

माझ्याकडे पेंटॅक्स के-1000 आहे. त्याचाही पडदा जळेल का? (प्रतापनगर)

सहसा नाही. पडदा कापडीच आहे, पण समोर आरसा आडवा असतो, तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. जपायचे ते डोळे. टेलीफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लेन्स, लावून व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका. बघून झालं असेल आणि नजरेसमोर डाग दिसत असेल, तर मला पत्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

यशिका इलेक्ट्रो 35 आहे, काळजी घ्यावी का? (महाल)

पडद्याची नाही. त्याचं शटर लेन्सच्या आत आहे आणि पाती धातूची आहेत.

फुटाळा तलावावर मावळतीचे फोटो काढतो. लेन्स 50 मिमी, एफ/2. किती वेळ सूर्यासमोर धरला तर चालेल? (सिव्हिल लाइन्स)

दर वर्षी सगळे हेच विचारतात, आणि धोका मात्र नेमका दुसरीकडे असतो. क्षितिजाला टेकलेल्या तांबूस सूर्यात जोर फारसा उरलेला नसतो. चौकट ठरवा, फोटो घ्या, कॅमेरा खाली करा. सूर्य अजून पिवळा-पांढरा असेल तर तेवढाही रेंगाळू नका. इतकंच.

आता खरी गोष्ट ऐका. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. लेन्सचं झाकण काढलं की थेट पडदाच समोर. 50 मिमीची लेन्स सूर्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंदीची पाडते. एफ/2 ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, प्रकाश आत येतो तो 25 मिलिमीटर व्यासाच्या वाटेने, आणि तो सगळा त्या अर्ध्या मिलिमीटरवर गोळा होतो. हिशेबाने दोन हजार पटींहून जास्त तेज. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल ना? तेच. पूर्ण उघड्या लेन्सखाली, टळटळीत उन्हात, कापड करपायला काही सेकंद पुरतात.

पण सूर्य चौकटीत आला तरच पडद्यावर पडतो. गळ्यात लटकवलेल्या कॅमेऱ्याची लेन्स समोर किंवा जराशी खाली बघते आणि दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, म्हणजे त्या वेळी तसा धोका नाही. मग भोकं पडतात कुठे? गच्चीवरच्या टेबलावर. लग्नाच्या मांडवाबाहेरच्या खुर्चीवर. पेंचला निघालेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर. पाणी प्यायला म्हणून कॅमेरा पाठीवर टेकवून ठेवला, लेन्स आभाळाकडे, झाकण खिशात. नागपूर 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपात (कडक उन्हाचे ते नऊ दिवस), सव्वाबाराच्या सुमाराला सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. जुलैच्या मध्यावर पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. एरवीही एप्रिलच्या मध्यापासून भर दुपारी दोनेक तास सूर्य आकाशाकडे तोंड केलेल्या 50 मिमीच्या चौकटीत येऊन जातो. स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या काही पडद्यांवर गोल भोक नसतं, ओरखड्यासारखी करपलेली रेघ असते. ती रेघ दिसली की मालकाला विचारतो, "जेवायला कुठे बसला होतात?"

फोटो काढताना पडदा जळाला, असं क्वचितच बघितलंय. कॅमेरा नुसता पडून असताना जळालेले ढिगाने आलेत. तेव्हा झाकण लावा. झाकण तसंच ठेवून अख्खा रोल काढाल ही भीती खरी आहे, रेंजफाइंडरमधून ते दिसत नाही. माझाही एक रोल असाच कोरा गेलाय. रोल परवडतो, पडदा परवडत नाही. झाकण हरवलं असेल तर छिद्र लहान करून एफ/16 वर आणून ठेवा, एफ/2 च्या चौसष्टाव्या भागाएवढाच प्रकाश येईल. पण हे झाकण मिळेपर्यंतच, झाकणाऐवजी नाही.

दुकानदाराने यूव्ही फिल्टर दिला, म्हणाला पडदा सुरक्षित. (सीताबर्डी)

त्याचा फिल्टर सुरक्षितपणे खपला, एवढंच. यूव्ही फिल्टर दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळाच आत सोडतो, नाहीतर फोटो कसा निघाला असता? काच ओरखड्यापासून वाचेल. पडद्याशी त्याचा संबंध नाही.

फोटोंत आकाशात पांढरा ठिपका येतो. लॅबवाला म्हणतो धूळ. नेलपॉलिश लावून भोक बुजवता येतं असं व्हिडिओत बघितलं. (नंदनवन)

धुळीचा ठिपका दर फ्रेमला जागा बदलतो. तुमचा एकाच जागी असेल, निगेटिव्हवर काळा असेल आणि काही फ्रेममध्ये गडद, काहींत फिका येत असेल, तर पडद्यात भोक आहे. आकाशातच का? लेन्स प्रतिमा उलटी पाडते. कॅमेरा सरळ धरलेला असताना जळाला असेल, तर सूर्य चौकटीत वर असतो, म्हणून पडदा खाली जळतो, आणि फोटोत तो डाग परत वर येतो.

घरी बघायचं तर रोल संपवून काढा, लेन्स उतरवा, मागचं झाकण उघडा. अंधाऱ्या खोलीत पुढून एलईडी टॉर्च धरा आणि मागून बघा. एकदा रोल पुढे घेतलेल्या स्थितीत, एकदा बटण दाबून झाल्यावर, कारण पडदे दोन असतात. एखाद-दुसरं करपलेल्या कडेचं भोक म्हणजे ऊन. चांदण्या पसरल्यासारखी बारीक भोकं म्हणजे रबर म्हातारं झालंय, तिथे ठिगळ नको, पडदाच बदलावा लागतो. बोट लावू नका.

आणि नेलपॉलिश? नाही. पडदा रुळावर गुंडाळला जातो. नेलपॉलिश वाळून कडक होतं, वळताना तडकतं, त्याचे कपचे आत पडतात, पडदा जड होऊन वेग चुकतात. गेल्या उन्हाळ्यात असे दोन पडदे खरवडून बघितले, दोन्ही शेवटी बदलावेच लागले. लहान भोकाला आम्हीही लेप लावतो, पण तो लवचिक असतो, अगदी पातळ असतो आणि पूर्ण वाळल्याशिवाय पडदा हलवत नाही. भोक पन्नास पैशाचं आणि दुरुस्ती पाच हजाराची करून आणू नका, बापा.

लायका घ्यायचा विचार आहे. विकणारा सांगतो, "सर्व्हिस केलेला." (रामदासपेठ)

कसली सर्व्हिस, कोणी केली, कधी केली? पावती मागा. फिल्मच्या लायका एम मालिकेत 1954 पासून आजवर पडदा कापडीच आहे, तेव्हा वरची टॉर्चची तपासणी पैसे देण्याआधी करा. पडद्यावर चमकणारा काळा रंग दिसला तर भोक झाकलंय असं समजा. उन्हाचीच धास्ती असेल तर 1959 चा कॅनन पी बघा, त्याचा पडदा पोलादी पत्र्याचा आहे. सुरकुत्या पडलेल्या असतात, पण जळत नाही. कुठलाही घ्या, आधी कारागिराला दाखवा.

उन्हाळ्यात कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवतो. (मानेवाडा)

नका ठेवू. कूलरची हवा दमट, लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात, आतल्या खोलीत ठेवा. बंद गाडीत तर कधीच नाही. आणि ठेवताना शटर सोडलेलं असू द्या.

दोन वर्षांपासून भोक आहे, पण चालतंय. दाखवायला आणू का? (उमरेड)

दोन वर्षांपूर्वी आणायला हवा होता. करपलेली कड ताठ होते आणि रुळावर वळताना चिरत जाते. तेव्हा लेपावर भागलं असतं. आता कदाचित दोन्ही पडदे काढून त्यांचे ताण नव्याने जुळवावे लागतील, आणि ते काम कोणाही घाईतल्या माणसाकडून करून घेऊ नका. रोल काढून आणा, शेवटी डेव्हलप केलेली एक निगेटिव्हची पट्टी सोबत आणा. पडदा बघितल्याशिवाय खर्च सांगणार नाही.