तुमचे प्रश्न : १७४ वरची बाई, आपोआप वाजणारा फोन आणि डायलचं कुलूप

गेल्या अंकात एका वाचकाच्या माळ्यावर सापडलेल्या काळ्या डायलवाल्या फोनचा फोटो छापला होता आणि खाली सहज विचारलं होतं की कुठले नंबर तुम्हाला अजून पाठ आहेत. आम्हाला वाटलं लोक आपल्या घरचे जुने नंबर कळवतील. पण बहुतेकांनी १९७ (दुसऱ्याचा नंबर विचारायचा), १९८ (तक्रारीचा), १८० (ट्रंक कॉलचा), १७४ (वेळेचा) असलेच नंबर लिहून पाठवले, आणि सोबत प्रश्नही. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, म्हणजे फोन एकमेकांना जोडणाऱ्या केंद्रात झाली म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे ढकललाय. सगळ्यांना पुरणार नाही, पाच घेतोय.

नातवाने विचारलं की पोलिसांना १००च का? मी म्हटलं असंच, लक्षात राहावं म्हणून. पण मग १०१, १०२, १८०, १९७ सगळे एकनेच का सुरू होतात? – एक आजोबा, नाशिक

आजोबा, नातवाला आधी हे सांगा की डायलवाला फोन आकडा पाठवायचाच नाही, तो फक्त लाइन तोडायचा आणि जोडायचा. ५ मध्ये बोट घालून चकती फिरवली तोपर्यंत काहीच नाही, बोट सोडलं आणि चकती कर्रर्र करत मागे आली की त्या येण्यात लाइनचा करंट पाचदा तुटायचा. १ ला एकदा, ९ ला नऊदा, आणि शून्याला चक्क दहादा. सेकंदाला साधारण दहा ठोके हा ठरलेला वेग.

हे ठोके एक्स्चेंजमधला सिलेक्टर मोजायचा. ही पद्धत स्ट्रोजर नावाच्या अमेरिकन माणसाची, पेटंट १८९१ चं, आणि हा माणूस काही इंजिनियर नव्हता, अंत्यविधीचा धंदा करायचा. असं सांगतात की गावातली ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या धंदेवाल्याकडे जोडून द्यायची म्हणून चिडून त्याने ऑपरेटरच काढून टाकायचं मशीन शोधलं. खरं खोटं त्यालाच माहीत. आपल्याकडे असलं पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सिमल्याला, १९१३-१४ मध्ये.

तर सिलेक्टर म्हणजे दहा मजली इमारत समजा. जितके ठोके तितके मजले दांडा वर चढणार, मग आडवा फिरून रिकामी वाट शोधणार. आता गंमत अशी की खोटा ठोका जाणं फार सोपं होतं. रिसीव्हर उचलताना क्रेडलचं, म्हणजे रिसीव्हर ठेवायच्या जागेचं, बटण जरा हललं, वाऱ्याने खांबावरच्या तारा एकमेकींना चिकटून सुटल्या, की मशीनला वाटायचं १ फिरवला. म्हणून लोकांच्या घरचे नंबर १ ने सुरू करणं म्हणजे रॉंग नंबरांना आमंत्रण. पहिला मजला मग खास कामांना दिला, ज्याला आम्ही लेव्हल वन म्हणायचो, शून्य गेलं एसटीडीला, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लावायला, आणि घरचे नंबर २ पासून पुढे. लक्षात राहावं वगैरे सगळं नंतरचं, आधी मशीनची सोय.

लंडनला हाच विचार दुसऱ्या बाजूने झाला. १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटला आग लागून पाच बायका गेल्या, शेजाऱ्याने फोन केला तर तो बाकीच्या फोनांच्या रांगेत अडकून पडला, त्यावरून ओरड झाली आणि ३० जून १९३७ ला ९९९ सुरू झाला. १११ का नाही, तर तारा हलल्या तरी एक-एक-एक आपोआप जाऊ शकतं, मग अग्निशमन दल वाऱ्याच्या मागे धावत बसणार. आणि न्यूझीलंडमध्ये मात्र १९५८ पासून १११च, कारण त्यांच्या डायलवर आकडे उलटे होते, तिथे १ फिरवला की नऊ ठोके जायचे! आतल्या मशीनला दोन्हीकडे सारखंच.

आपलं १०० एकने सुरू होतं खरं, पण पुढे दोनदा दहा-दहा ठोके लागतात, ते काही वारा मारू शकत नाही. मला तरी ही रचना ९९९ पेक्षा हुशारीची वाटते. (तरी याला एक खोट होती, ती शेवटच्या प्रश्नात येतेय.)

चाळीत एकाच घरी फोन होता. आम्ही मुलं १७४ लावून त्या वेळ सांगणाऱ्या बाईशी बोलायचो, नाव विचारायचो, ती आपली वेळच सांगत राहायची. तिथे खरंच कोणी बसायचं का हो? हसू नका. – डोंबिवली

हसत नाही, उलट आमच्या ऑफिसातल्या एका नव्या शिपायानेही मला हेच विचारलं होतं, आणि तो तर एक्स्चेंजच्या आत काम करत होता. नाही, कोणी बसायचं नाही, रेकॉर्डिंग.

पण ही सेवा सुरू झाली ती माणसांचा जीव वाचवायलाच. पॅरिसच्या वेधशाळेला लोक सारखे फोन करून किती वाजले विचारायचे, त्यांची लाइन कायम एंगेज, शेवटी तिथले संचालक एस्क्लांगों यांनी बोलणारं घड्याळच बनवून घेतलं. १४ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केलं तर पहिल्या दिवशी एक लाख चाळीस हजार फोन आले आणि लाइनी वीस, त्यामुळे जेमतेम वीस हजार लोकांनाच वेळ कळली, बाकीच्यांना कळलं की आपल्यासारखे रिकामे लोक पुष्कळ आहेत. आणि तो आवाज बाईचा नव्हता बरं का, रेडिओवरच्या एका निवेदकाचा होता.

बाई आली लंडनला, २४ जुलै १९३६. डायलवर अक्षरंही असायची तिथे, टी-आय-एम (‘टाइम’ची पहिली तीन अक्षरं) फिरवायचं. आवाजासाठी टेलिफोन ऑपरेटर मुलींची स्पर्धाच घेतली आणि एथेल केन ही क्रॉयडनची ऑपरेटर जिंकली. दर दहा सेकंदांना एक घोषणा म्हणजे दिवसाला ८,६४० घोषणा, त्या काही तिने बसून म्हटल्या नाहीत. तास वेगळे, मिनिटं वेगळी, सेकंद वेगळे असे तुकडे काचेच्या तबकड्यांवर रेकॉर्ड केले आणि मशीन ते जुळवून वाक्य करायचं. नीट ऐकलं की तो सांधा कळायचा, आकडा आला की आवाज किंचित उचलला जायचा. आपल्याकडे स्टेशनवर गाडीची अनाउन्समेंट ऐका, गाडीचा नंबर आणि प्लॅटफॉर्म कसे वेगळ्याच मूडमध्ये येतात, तोच प्रकार.

पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आले तेव्हा ११६ आणि पुढे चार आकड्यांत वेळ फिरवली की पहाटे फोनच उठवायचा. परीक्षेच्या दिवसांत पोरांपेक्षा आईबापच जास्त लावायचे.

लाइनमन आमच्याकडे आला की आमच्याच फोनवरून काहीतरी फिरवायचा, रिसीव्हर ठेवायचा आणि लगेच आमचा फोन वाजायचा. उचलला तर पलीकडे कोणीच नाही. बाबा म्हणायचे गुप्त नंबर आहे. काय होता तो? – कोल्हापूर

गुप्त कसला, घंटी वाजते का बघायचा नंबर. रिंग-बॅक म्हणायचे. फोनमध्ये जाणारा आवाज आणि येणारी घंटी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, बोलायला लाइनवर पन्नासेक व्होल्ट डीसी असतो, पण घंटीसाठी साधारण पंच्याहत्तर व्होल्टचा एसी सोडतात, त्यामुळे बोलणं छान चालतंय पण घंटी वाजत नाही असं सर्रास व्हायचं. लाइनमनला तपासायला कोणीतरी बाहेरून फोन करायला हवा, तो कोण करणार, म्हणून मशीनलाच सांगायचं की मी ठेवतो, तू मला फोन कर. हा नंबर प्रत्येक प्रकारच्या एक्स्चेंजला वेगळा असायचा आणि डिरेक्टरीत छापायचे नाहीत, कारण छापला तर गल्लीतली सगळी पोरं दिवसभर तेच करणार. तरी पोरांना माहीत असायचाच, लाइनमनच्या बोटांकडे बघून.

त्याच्याही आधी, म्हणजे मी लागलो तेव्हा, हे काम मशीन नाही तर टेस्ट डेस्कवरचा माणूस करायचा. तुम्ही १९८ वर तक्रार दिली, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) मिळाला, की तो कागद टेस्ट डेस्कला यायचा. लाइनमन खांबावर चढून डीपी (घरोघरच्या तारा जिथून फुटतात ती पेटी) उघडणार, आपला हँडसेट तुमच्या दोन तारांच्या जोडीला चिमट्याने लावणार आणि ओरडणार, साहेब रिंग द्या. दिली की कळायचं जोडी बरोबर आहे का, आणि कधी कधी बोटं उघड्या तारेवर असताना दिली की पलीकडून जे ऐकू यायचं ते इथे छापता येणार नाही.

डेस्कवर काटेवाला मीटर होता, त्यावर पावसाळ्यात लाइनची गळती दिसायची. जुन्या केबलमध्ये तारांभोवती कागद गुंडाळलेला असायचा, वर शिसं, आणि सांध्यातून थेंबभर पाणी शिरलं की कागद भिजून अख्खी गल्ली खरखर. डायलचा वेगही तपासायचो. माणसाला सांगायचं शून्य फिरवा, दहा ठोके एका सेकंदात आले पाहिजेत, काटा दहाच्या आसपास थांबला की पास. एका डॉक्टरांची तक्रार होती की कुठेही लावा, रॉंग नंबर. सगळं तपासलं, लाइन एकदम स्वच्छ. शेवटी शून्य फिरवायला लावलं तर डायल म्हाताऱ्या बैलासारखी परत येत होती, स्प्रिंग ढिली, मशीनला एकाच आकड्याचे दोन आकडे वाटत होते. दोन महिने लोक आमच्या नावाने खडे फोडत होते आणि दोष चार आण्यांच्या स्प्रिंगचा.

बाहेरच्या देशांत हे टेस्ट नंबर जास्त रंगीत. ब्रिटनमध्ये १७०७० लावलं की मशीन आधी तुमचाच नंबर तुम्हाला वाचून दाखवायचं, मग विचारायचं काय करू, घंटी वाजवू की शांत लाइन देऊ. शांत लाइन म्हणजे निव्वळ काहीच नाही, त्यात खरखर आली तर ती तुमच्याच तारेची. अमेरिकेत एका नंबरावर सलग शिट्टी यायची, आवाज वाटेत किती कमी होतो ते मोजायला, आणि ती बरोबर १,००० हर्ट्झची नाही, १,००४ ची. कारण डिजिटल यंत्रणा आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते, १,००० ने भाग पूर्ण जातो आणि तेच ते आठ नमुने परत परत मोजले जातात, चार हर्ट्झ सरकवलं की मोजमाप खरं येतं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे तिथले लूप नंबर, दोन नंबरांची जोडी. एक लावला तर शिट्टी, दुसरा लावला तर शांतता, आणि दोन्हीकडून एकदम कोणी लावलं की शिट्टी बंद आणि दोघं एकमेकांशी जोडलेले. इंजिनियरांनी केलं लाइन दोन्ही टोकांकडून तपासायला, पोरांनी शोधून काढलं की इथे अनोळखी माणसाशी फुकट गप्पा मारता येतात, ना त्याला तुमचा नंबर कळतो ना तुम्हाला त्याचा. शिट्टी ऐकत बसून राहायची पोरं तासन् तास, ती थांबली की समजायचं कोणीतरी आलं.

१८० वर ट्रंक कॉल बुक करताना वडील ‘लाइटनिंग’ नको म्हणायचे, जणू शिवी दिल्यासारखं. – सातारा

बरोबर होते वडील. ट्रंक कॉल म्हणजे ऑपरेटरने जोडून द्यायचा परगावचा फोन. ऑर्डिनरी बुक करून वाट बघायची, घाई असेल तर अर्जंटला दुप्पट पैसे, सगळ्यात आधी लागणाऱ्या लाइटनिंगला आठपट. म्हणजे घरात कोणी गेलं किंवा लग्न मोडायला आलं तरच. पीपी म्हणजे ठरावीक माणूस समोर आला तरच कॉल सुरू, त्याचे वेगळे पैसे, म्हणून लोक तिकडच्या शेजाऱ्याच्या नंबरावर पीपी लावायचे आणि शेजाऱ्याचा मुलगा धावत बोलवायला जायचा. एसटीडी आपल्या देशात १९६० मध्येच सुरू झाली, कानपूर-लखनौ, पण आपापल्या गावात यायला लोकांना पुढे किती वर्षं लागली ते वडिलांनाच विचारा.

मालकांनी डायलच्या भोकात छोटं कुलूप लावलेलं असायचं, तरी ऑफिसातला एक जण बटण टकटक करून फोन लावायचा. ही जादू की थाप? – पुणे

थाप नाही, वर नाशिकच्या आजोबांना सांगितलं तेच. फोन म्हणजे लाइन तोडणं, मग ती चकतीने तोडा नाहीतर क्रेडलचं बटण दाबून, मशीनला काय कळतंय. सेकंदाला दहाच्या तालात चार टिचक्या मारल्या की ४, जरा थांबायचं, पुढचा आकडा. ताल चुकला की रॉंग नंबर, जास्त वेळ दाबलं की फोन कट. तबला येणाऱ्याला बरं जमायचं, आमच्याकडचा एक जण सहा आकडी नंबर गप्पा मारता मारता लावायचा आणि मग वर मालकालाच सांगायचा की कुलूप चांगलं बसलंय हां.

आणि आता ती खोट. कुलूप ज्या भोकात असेल त्याच्यापेक्षा मोठा आकडा फिरत नाही, कुलूपच अडणीला (बोट जिथे अडतं त्या पट्टीला) आपटतं. बहुतेक लोक ते पहिल्या नाहीतर तिसऱ्या भोकात अडकवायचे, म्हणजे १ फिरायचा पण शून्य नाही, आणि १०० मध्ये शून्यं दोन. रात्री कुलूप लावून किल्ली खिशात घालून मालक घरी गेले आणि चोर आला, तर वॉचमनला फोन समोर असून पोलीस लागणार नाहीत. एक टिचकी, थांबा, दहा टिचक्या, थांबा, परत दहा टिचक्या, असं अंधारात न चुकता मारता आलं तरच. मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला शिकवलं होतं हे, दोन रविवार लागले, तिसऱ्या रविवारी त्याने त्याच पद्धतीने गावाला बायकोला फोन लावला आणि बिल आलं तेव्हा मी गप्प बसलो.