धर्म समजून घ्यायचाय? मग आधी कौशिकाची गोष्ट वाच

अरे, गीतेचे ७०० श्लोक पाठ करायला घेऊ नकोस लगेच, मीपण तेच केलेलं आणि तिसऱ्या अध्यायातच गाडी अडकली. धर्म म्हणजे रिलिजन हे आधी डोक्यातून काढ, आपण शेजारधर्म म्हणतो ना, त्यात कुठे पूजा असते? मग महाभारतातलं कर्णपर्व उघड. गांडीव (त्याचं धनुष्य) दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचं डोकं उडवीन अशी अर्जुनाची शपथ, आणि रागाच्या भरात नेमकं युधिष्ठिरच ते बोलून जातो, तर हा बाबा सख्ख्या भावावर तलवार उपसतो! तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कायम खरंच बोलणारा तपस्वी, दरोडेखोर विचारतात लोक कुठे पळाले, हा सरळ झाडी दाखवतो, माणसं मारली जातात आणि कौशिक जातो नरकात. आमच्या आजीला हे अजिबात पटायचं नाही, खरं ते खरंच म्हणायची. खरी मेख तिथेच आहे बघ.

नंतर वनपर्वातला मिथिलेचा व्याध वाच, मांस विकणारा माणूस, आईवडिलांची सेवा करतो आणि एका ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तो ब्राह्मणपण कौशिकच, पण वेगळा हां, मी वर्षभर दोघांना एकच समजत होतो.